रूप बदलते, खूण राहते

पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात, अरबी समुद्राच्या काठी चिंचणी हे गाव वसले आहे. गावाला वाळूचा विस्तीर्ण किनारा लाभला आहे. ओहोटी लागली, की ओलसर वाळूची सपाट पाटीच जणू मुलांसाठी मोकळी होते. अशा वाळूत एक खुंटी रोवावी, तिला दोरी बांधावी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला काठी बांधून ती खुंटीभोवती फिरवावी, म्हणजे वाळूवर सुरेख वर्तुळ उमटते. त्याच्या मध्याशी उभे राहून पाहिले, तर ते चहूबाजूंनी सारखे गोल दिसते. परंतु तीस-चाळीस पावले दूर, सुरूच्या झाडांपाशी जाऊन पाहावे, तर तेच वर्तुळ चपटे झालेले दिसते. आणखी दूर गेल्यास ते एखाद्या बारीक रेघेसारखे भासते. वाळूवरील वर्तुळात तसूभरही फरक पडलेला नसतो. बदललेली असते ती केवळ पाहणाऱ्याची जागा.

असे असूनही एक नवल घडते. दूर उभ्या असलेल्या मुलाला, "तेथे काय काढले आहे?" असे विचारले, तर "वर्तुळ" असेच उत्तर तो देतो. डोळ्यांत चपटी आकृती उमटते. मनाला मात्र गोल आकृतीच कळते. हे कसे होते, या साध्या प्रश्नाचा पाठपुरावा माणसाने शेकडो वर्षे केला आणि त्यातून चित्रकला, भूमिती व आजची यंत्रविद्या या तिघींचाही मोठा लाभ झाला.

घरातील अनुभव याहून वेगळा नाही. जेवायला बसलेल्या माणसाला समोरचे ताट खरोखर गोल असे क्वचितच दिसते, कारण तो ताटाकडे तिरप्या नजरेने पाहत असतो. कॅरमच्या भोवती चौघे खेळाडू बसले, तर प्रत्येकाला आपल्याजवळची कड मोठी व पलीकडची कड लहान दिसते. म्हणजे एकाच फळ्याची चार निराळी रूपे चौघांच्या डोळ्यांत उमटतात. तथापि फळा चौरस नाही म्हणून त्यांच्यात कधी भांडण होत नाही. वस्तू किती अंतरावर आहे, कोणत्या बाजूला कलली आहे, तिच्याभोवती आणखी काय आहे, या सर्वांचा हिशेब मन आपोआप करते आणि खऱ्या आकाराचा निर्णय देते. मनाच्या या शक्तीला 'आकाराचे स्थैर्य' असे म्हणतात. ही शक्ती इतकी अंगवळणी पडलेली असते, की ती आपल्यापाशी आहे याची जाणीवही होत नाही. लहान मूल पाटावर ठेवलेल्या ताटाचे चित्र काढते, तेव्हा ते ताट पूर्ण गोल काढते. त्याला जे दिसते ते नव्हे, तर त्याला जे ठाऊक असते ते कागदावर उतरते.

आता, पाहण्याची जागा बदलली म्हणजे नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही, हे पाहू. बोईसर स्थानकावरील पादचारी पुलावर उभे राहून लोहमार्गाकडे पाहिले, तर रुळांची जोडी दूर दूर जाताना निमुळती होत गेलेली दिसते. वस्तुतः दोन रुळांमधील अंतर सर्वत्र सारखे असते. ते कमी-जास्त झाले तर गाडी एक पाऊलही पुढे जाणार नाही. याचा अर्थ असा, की दृष्टीच्या कलाबरोबर लांबी बदलते, कोन बदलतात आणि समांतर रेषासुद्धा परस्परांना भेटण्यास निघाल्यासारख्या दिसतात. सगळेच जर असे बदलत असते, तर कोणतीही आकृती दुसऱ्यांदा ओळखणे अशक्य झाले असते. परंतु काही गोष्टी बदलत नाहीत, आणि त्याच ओळखीच्या खुणा होत.

पहिली खूण अशी, की सरळ रेषा सरळच राहते. रूळ एकमेकांकडे झुकलेले दिसले, तरी सरळ मार्गावर त्यांपैकी एकही वाकडा दिसत नाही. दुसरी खूण कोपऱ्यांच्या संख्येची. सपाट त्रिकोणाकडे समोरच्या बाजूने कोठूनही पाहा, त्याला तीनच कोपरे दिसतील. त्याचे चौकोनात रूपांतर होणार नाही. तिसरी खूण क्रमाची. आकृतीच्या कडेने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जाताना कोपरे ज्या क्रमाने येतात, तो क्रम चित्रातही तसाच राहतो. चिंचणी परिसरात दागिन्यांचे पोलादी साचे, म्हणजे डाय, कोरणाऱ्या कारागिरांची जुनी परंपरा आहे. साच्यातील नक्षी दागिन्यावर उमटते ती उलटी होऊन. म्हणून डाव्या बाजूस हवे असलेले पान कारागिराला उजव्या बाजूस कोरावे लागते. साचा हातात घेऊन कितीही तिरपा धरला, तरी त्यावरील उलटी नक्षी सुलटी होत नाही. पाहण्याची जागा बदलल्याने आकृती आखूड होते, कलते, निमुळती होते. पण एकाच बाजूने पाहताना तिचे डावे-उजवे उलटत नाही.

या खुणांवर माणसाचे प्राणसुद्धा अवलंबून असतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे बोईसर परिसरातील रस्त्यांवर अवजड वाहनांची वर्दळ असते. वेगाने जाणाऱ्या वाहनाच्या चालकाला रस्त्याकडेचा फलक क्षणभरच, आणि तोही तिरपा दिसतो. फलकावरील अक्षरे वाचण्याआधी त्याचा आकार ओळखू यावा, अशी योजना म्हणूनच केलेली असते. लाल काठाचा त्रिकोण सावधगिरीची सूचना देतो, वर्तुळ आज्ञा करते आणि 'थांबा' ही आज्ञा लाल अष्टकोनावर लिहिलेली असते. अष्टकोन तिरपा पाहिला तर चेपल्यासारखा दिसतो, पण त्याचे आठ कोपरे आठच राहतात. त्यामुळे धुके असो वा फलकावर चिखल उडालेला असो, तो दुसऱ्या फलकांत सहसा मिसळत नाही.

रस्त्याच्या पृष्ठभागावर रंगवलेली अक्षरे याहूनही मौजेची असतात. शाळेजवळच्या रस्त्यावर 'शाळा' किंवा 'हळू' असे लिहिलेले असते. पायी जाणाऱ्याला ती अक्षरे वाजवीपेक्षा फार लांबट वाटतात आणि रंगाऱ्याचे काही चुकले की काय, असा संशय येतो. चूक मुळीच नसते. चालकाचे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर असतात आणि अक्षरे त्याला कित्येक मीटर अंतरावरून वाचावी लागतात. डोळे १.२ मीटर उंचीवर आणि अक्षर ३० मीटर अंतरावर असेल, तर जमिनीवरची १ मीटर लांबी त्याला समोर उभ्या धरलेल्या अवघ्या ४ सेंटिमीटर पट्टीएवढी दिसते. म्हणून अक्षरे रस्त्याच्या दिशेने मुद्दाम ताणून काढतात. जमिनीवर बेढब दिसणारे अक्षर चालकाच्या दृष्टीस मात्र सुडौल दिसते, तो वेळीच वेग कमी करतो आणि रस्ता ओलांडणारी मुले सुखरूप पलीकडे जातात.

परंतु केवळ बाह्यरेषेवरून आकार ओळखू गेल्यास फसगत होऊ शकते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. लंबगोल परात लांबीच्या दिशेने तिरपी पाहिली, तर ती अगदी गोल दिसू शकते. उलट गोल ताट तिरपे पाहिल्यास लंबगोल दिसते. तसेच लांबट आयत दुरून तिरपा पाहिला, तर तो चौरसासारखा वाटू शकतो. चार कोपरे मोजून चौकोन आहे एवढे कळते. तो चौरस की आयत, हे त्या चार कोपऱ्यांवरून एका नजरेत ठरवता येत नाही. डोळे आसपासच्या वस्तूंची साक्ष काढतात, ती याच कारणासाठी. साक्ष न मिळाली, तर तीक्ष्ण दृष्टीचा माणूसही चुकतो.

या अडचणीतून वारली चित्रकारांनी फार पूर्वी आपल्यापुरती वाट काढली. डहाणू, तलासरी या भागांतील वारली घरांच्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन यांचीच सृष्टी उभी राहते. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून काढले, की माणसाचे धड तयार होते. लग्नप्रसंगी रंगवला जाणारा देवीचा चौक चौकोनी असतो. तारपा नृत्याचे चित्र विशेष पाहण्यासारखे आहे. नाचणाऱ्यांची वेटोळी रांग आकाशातून पाहावी तशी गोलाकार काढलेली असते, आणि त्या रांगेतील प्रत्येक माणूस मात्र समोरून पाहावा तसा उभा काढलेला असतो. एकाच जागी उभे राहून असे दृश्य कोणालाही दिसणार नाही. पण रांगेची ओळख वरून पटते आणि माणसाची ओळख समोरून पटते; म्हणून चित्रकाराने प्रत्येकाचे सहज ओळखू येणारे रूप निवडले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची कला कागदावर व कापडावर आणून जगापुढे नेली. २०११ साली त्यांना 'पद्मश्री' हा सन्मान मिळाला. २०१८ साली ते निवर्तले.

चित्रकाराला रूप निवडण्याचे स्वातंत्र्य असते. छायाचित्राला ते नसते. कॅमेरा जेथे असेल तेथून जे दिसेल, तेच त्यात उमटते. मग अशा चित्रावरून मूळ आकृती निश्चित ओळखण्याची काही युक्ती आहे काय? आहे, आणि ती गणिताने दिली आहे. त्यासाठी पुन्हा चिंचणीच्या वाळूवर यावे.

वाळूत एका सरळ रेषेत, तीन-तीन पावलांच्या अंतरावर चार नारळ ठेवले आहेत, असे समजू. पहिल्या नारळापासून नऊ पावले मागे, त्याच रेषेत उभे राहून आणि कॅमेरा समोर क्षितिजाकडे रोखून छायाचित्र घेतले. ते मोठे करून, नारळ जेथे वाळूला टेकतात त्या बिंदूंमधील अंतरे पट्टीने मोजली. पहिला व दुसरा यांतील अंतर ५ सेंटिमीटर भरले, तर दुसरा व तिसरा यांतील ३ आणि तिसरा व चौथा यांतील २ सेंटिमीटर भरते. वाळूवर तिन्ही अंतरे समान होती. चित्रात ती ५, ३ व २ झाली. लांबीवर विसंबून राहणाऱ्याची येथे निराशाच होणार.

आता थोडे गणित करावे. पहिल्या नारळापासून तिसऱ्यापर्यंतच्या अंतराला दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंतच्या अंतराने भागावे. वाळूवर ते ६ भागिले ३, म्हणजे २ येते. मग पहिल्यापासून चौथ्यापर्यंतच्या अंतराला दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंतच्या अंतराने भागावे. ते ९ भागिले ६, म्हणजे दीड येते. शेवटी पहिल्या भागाकाराला दुसऱ्याने भागावे. २ भागिले दीड, म्हणजे ४/३. हीच रीत चित्राला लावून पाहावी. पहिला भागाकार ८/३ आणि दुसरा १०/५, म्हणजे २. आता ८/३ ला २ ने भागले, तर उत्तर येते ४/३! अंतरे बदलली, अंतरांची गुणोत्तरेही बदलली. पण गुणोत्तरांचे गुणोत्तर जसेच्या तसे राहिले. छायाचित्र डावीकडून घ्या, उजवीकडून घ्या, झाडावर चढून घ्या. चारही नारळ चित्रात वेगळे दिसत असले, म्हणजे ही संख्या ढळत नाही.

हे सत्य आजकालचे नाही. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी, इसवी सनाच्या चौथ्या शतकात, इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत होऊन गेलेल्या पॅपस नावाच्या गणितज्ञाला ते ज्ञात होते. पुढे फ्रान्समधील झिरार देझार्ग याने १६३९ साली या विषयाचा पाया घातला. एकाच वस्तूची निरनिराळ्या जागांवरून दिसणारी रूपे आणि त्यांत टिकून राहणारे गुण यांचा अभ्यास करणारी भूमितीची एक स्वतंत्र शाखाच त्यातून वाढली. त्या शाखेचा आणखी एक सिद्धांत फार उपयोगी आहे. सपाट आकृतीतील चार बिंदू चित्रात कोठे पडले हे समजले, की उरलेला प्रत्येक बिंदू कोठे पडणार, हे गणिताने ठरते. मात्र त्या चारांपैकी कोणतेही तीन एका रेषेत नसावेत. म्हणून तिरप्या काढलेल्या कागदाच्या चित्रातील चार कोपरे सापडले आणि मूळ कागदाची लांबी-रुंदी ठाऊक असली, तर यंत्र ते चित्र सरळ करून, समोरून घेतल्यासारखे दाखवू शकते.

या ज्ञानाचा नित्याचा उपयोग आज गावोगावी दिसतो. भाजीच्या टोपलीजवळ किंवा दुकानाच्या फळीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक ठसा चिकटवलेला असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. १९९४ साली जपानमधील मासाहिरो हारा व त्यांचे सहकारी यांनी तो तयार केला. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन ठळक चौकोन असतात. त्या चौकोनाच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेषा नेली, तर काळा, पांढरा, काळा, पांढरा, काळा अशा पट्ट्यांच्या रुंदीचे प्रमाण १, १, ३, १, १ असे येते. ठसा तिरपा धरला तर या साऱ्या पट्ट्या जवळजवळ सारख्याच प्रमाणात आखडतात, त्यामुळे हे प्रमाण फारसे बिघडत नाही. छापील मजकुरात व चित्रांत हे प्रमाण सहसा आढळत नाही. म्हणूनच ते निवडले गेले. चौथ्या कोपऱ्यात तसा चौकोन नसल्याने ठसा सुलटा आहे की उलटा, हेही यंत्राला कळते. अशा रीतीने कोपऱ्यांचा ठाव लागला, की यंत्र मनातल्या मनात म्हणावे तसा तो ठसा सरळ करते आणि वाचते. ठशाचा काही भाग फाटला वा डागाळला, तरी उरलेल्या भागावरून मजकूर जुळवण्याची सोयही त्यात केलेली असते.

महाराष्ट्रात या युक्तीने शाळेची वाटही धरली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. ठशासमोर फोन धरला, की धड्याशी संबंधित ध्वनिफीत वा चित्रफीत मुलांना ऐकता-पाहता येऊ लागली. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे ठसे छापले गेले. २०२० साली डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटून दिली. एखादे मूल ओसरीवर बसून, दुमडलेल्या पानावर, वाकड्या हाताने फोन धरते. तरीही धडा त्याच्यापर्यंत पोहोचतो. त्याच्या हाताचा कल कसाही असो, ठशातील खूण अढळ असते.

पाहण्याच्या जागेला आणि विचार करण्याच्या पद्धतीला मराठीत एकच शब्द आहे, तो म्हणजे 'दृष्टिकोन'. दोन माणसे दोन ठिकाणी उभी राहून एकच वस्तू पाहतात, तेव्हा त्यांना दोन रूपे दिसतात आणि दोघेही खरेच सांगत असतात. अशा वेळी 'माझेच खरे' असा हट्ट धरल्याने काही निष्पन्न होत नाही. आपण कोठे उभे आहोत हे आधी ओळखावे, शक्य असल्यास दुसऱ्याच्या जागी जाऊन पाहावे आणि दोन्ही रूपांत जे कायम राहिले त्याचा शोध घ्यावा. गणितज्ञाने नारळांच्या चित्रात हेच केले, आणि सत्याकडे जाण्याची वाट बहुधा अशीच असते.

स्वाध्याय

१. दूरवरून वर्तुळ चपटे दिसत असूनही मूल त्याला 'वर्तुळ' असेच का म्हणते?

२. पाहण्याची जागा बदलल्यावर बदलणाऱ्या तीन व न बदलणाऱ्या तीन गोष्टी सांगा.

३. रस्त्यावरील अक्षरे लांबट का रंगवतात, ते आपल्या शब्दांत लिहा.

४. तारपा नृत्याच्या चित्रात चित्रकाराने दोन दृष्टी कशा एकत्र आणल्या आहेत?

५. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : अंगवळणी पडणे, साक्ष काढणे, फसगत होणे, ठाव लागणे.

६. उपक्रम : अंगणात एका रेषेत समान अंतरावर चार खडे ठेवा. दोन निरनिराळ्या जागांवरून त्यांची छायाचित्रे घ्या आणि धड्यातील रीतीने दोन्ही चित्रांतील 'गुणोत्तरांचे गुणोत्तर' काढून पडताळा पाहा.